पेज आसा, पण ती आमच्यासाठी: मालवणच्या खाणावळवाल्यांना खुले पत्र

मालवण, वायरी, तारकर्ली, देवबाग, कट्टा आणि मसुरे या पट्ट्यात खाणावळ, घरगुती जेवण किंवा हॉटेल चालवणाऱ्या सगळ्या काकी, वैनी, दादा आणि भाऊ मंडळींना,

स. न. वि. वि.

मी मसुऱ्याची माहेरवाशीण, लग्नानंतर डोंबिवलीची. कळायला लागल्यापासून आंगणेवाडीच्या जत्रेला येते आहे. पण तुमच्यापैकी कुणाच्या दारात जेवायला यायची वेळ इतकी वर्षे माझ्यावर आली नव्हती. काकीच्या हातचे जेवायचे, तिच्याच पडवीत चटई टाकून पाठ टेकायची, भराडीदेवीची ओटी भरायची आणि कुडाळहून परतीची गाडी धरायची, असा आमचा रिवाज. तीन वर्षांपूर्वी काकी गेली. चुलतभाऊ नोकरीमुळे बाहेर, घराला कुलूप. खळ्यात गवत वाढले आहे आणि माजघरावरची कौले सरकली आहेत. आता आम्ही मालवणात लॉजवर उतरतो आणि तुमच्याकडे जेवतो. जत्रेला येणाऱ्या चाकरमान्यांत अशी घर बंद झालेली माणसे वाढत चालली आहेत, हे तुमच्याही नजरेस आले असेल.

जत्रेच्या गर्दीत तुमच्या फळ्यावरचे रोजचे जेवण पुसू नका, एवढे मागायला हे पत्र. पण जे घडले ते आधी सांगते.

हे घडले त्या वर्षी जत्रा शनिवार-रविवारला धरून आली होती. देवीचा कौल झाला आणि तारीख कळली तशी मुंबईत जी तिकिटांची धावपळ सुरू होते ती झाली, आणि आम्ही सहाजण आलो. मी, माझे यजमान, लेक, जावई, सात वर्षांची नात आणि माझी आई. आईचे वय ८२. रात्रभराचा प्रवास, त्यात रांगेत तीन तास. दर्शन झाल्यावर तिला कधी एकदा पोटात काही जाते असे झाले होते. मालवणात परत येईपर्यंत दुपारचे दोन वाजले. खाणावळीचे नाव लिहीत नाही, कारण त्या माणसांशी माझे भांडण नाही आणि हीच गोष्ट त्या दिवशी मला आणखी तीन ठिकाणी दिसली.

दारात फळा होता. एरवी त्या फळ्यावर सात-आठ ओळी असतात. बांगडा थाळी, सौंदाळा थाळी, तिसऱ्या, कोंबडी-वडे, साधी शाकाहारी थाळी, असे बरेच काही. मी गणपतीनंतर एकदा आले होते तेव्हा वाचलेले होते. त्या दिवशी सगळे पुसून खडूने तीनच ओळी लिहिल्या होत्या. सुरमई स्पेशल, पापलेट स्पेशल, व्हेज स्पेशल. खाली, 'एका माणसाला एक थाळी घ्यावीच लागेल.'

आम्ही सहा थाळ्या घेतल्या, नातीसाठीसुद्धा. जावई शाकाहारी, अहिल्यानगरकडचा. त्याच्या पुढ्यात पनीरची लाल भाजी आणि मैद्याची पोळी आली. आमच्या पुढ्यात सुरमईची पातळ तुकडी, रव्यात घोळून कडकडीत तळलेली, सोबत कोळंबीचे दोन तुकडे, लालभडक आमटी, भात, भाकरी आणि एवढ्याशा पेल्यात सोलकढी. नातीने भात आणि सोलकढी खाल्ली. आईने सुरमईला हात लावला, तिचा तळलेला काठ तिच्या दातांना झेपेना. आमटी तिखटजाळ. तिने वाढणाऱ्या मुलीला जवळ बोलावून विचारले, "गो बाय, माका वायच पेज गावात काय?" म्हणजे, मला थोडी पेज मिळेल का?

मुलगी घाईत होती, पण तुसडी नव्हती. ती म्हणाली, "पेज आसा गो आये, पण ती आमच्यासाठी. कार्डावर नाय ती."

मी हात धुवायला मागे गेले. मागच्या पडवीत चुलीशेजारी तिघीजणी जेवायला बसल्या होत्या. सकाळपासून उभ्या राहून त्यांनी दोनशे-अडीचशे माणसांचे रांधले असेल. पुढ्यात उकड्या तांदळाची पेज, एका कुंडल्यात पेडव्याचे, म्हणजे लहान काटेरी माशांचे, तिखले आणि केळीच्या पानाच्या तुकड्यावर मिठातली कैरी. तिरफळाचा वास मोरीपर्यंत येत होता. मी तिथेच थांबले. माझ्या काकीच्या चुलीचा वास तो.

मी विचारले, "ह्या बाहेर कित्याक नाय ठेवणास?" त्यातली वयाने मोठी बाई माझे मालवणी ऐकून हसली आणि म्हणाली, "पेडवे तुमका कित्याक? काटे आसतत त्यांका. पावण्यांका सुरमईच लागता." आणि मग तिने काही न विचारता वाटीभर पेज आणि चार पेडवे माझ्या हातात दिले. आईने ते खाल्ले. दर्शनाच्या रांगेत जे तोंड सुकले होते ते खुलले. पैसे द्यायला गेले तर ती बाई घेईना.

आमच्या सहा थाळ्यांतल्या तीन जवळपास तशाच परत गेल्या.

हे मी मुद्दाम विस्ताराने लिहिले, कारण मला जे मागायचे आहे ते सगळे त्या मागच्या पडवीत होते. मी तुमच्याकडे स्वस्ताई मागत नाही. नवीन पदार्थ मागत नाही. तुम्ही स्वतः जे शिजवता आणि जेवता, जे तुमच्या फळ्यावर एरवी असते, ते जत्रेच्या, सुट्टीच्या आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत पुसून टाकू नका, एवढेच मागते आहे.

माझ्या आईच्या बाजूने हे बोलायचा मला थोडा जास्त अधिकार आहे. तीही खाणावळवाली. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत तिने सोळा वर्षे खाणावळ चालवली. सगळी माणसे कोकणातली, गिरणीतली, बिऱ्हाड गावाला ठेवून आलेली. तीन पाळ्यांना तीन वेळा चूल. पहिल्या पाळीचे डबे पहाटे सहाच्या आत, रात्रपाळीवरून येणाऱ्यांसाठी झाकून ठेवलेला भात वेगळा. अशा खाणावळवाल्या बायका गिरणगावात घरोघर होत्या. सावकाराच्या व्याजात त्या पिचल्या होत्या, आणि त्यांच्यासाठीच प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, महिन्यामागून महिने गेले, आणि आईची माणसे एकेक करून गावाला गेली ती परतली नाहीत. पाच-सहाजणांचे दोन-दोन महिन्यांचे पैसे राहिले. ती आजही त्याबद्दल वाईट बोलत नाही.

तिच्या खाणावळीचा एक कायदा होता. सणाला ताटात एखादा जिन्नस जास्त पडेल, पण रोजचे काही कमी होणार नाही. नारळीपौर्णिमेला नारळीभात असेल, तरी ज्याला भाकरी आणि सुकट हवी त्याला ती मिळणार. कारण तिच्याकडे जेवणारा माणूस परमुलखात एकटा असायचा, आणि सणाच्या दिवशी त्याला घरच्या ताटाची आठवण जास्त यायची. जत्रेला येणारा चाकरमानी आज नेमका त्याच जागी आहे. फक्त दिशा उलटली आहे. तो आता गावात परका होऊन जेवतो आहे.

आता माशांविषयी. इथे मला थोडे सविस्तर बोलू द्या.

मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर सकाळी रापण ओढताना मी लहानपणापासून पाहिली आहे. होडी जाळे घेऊन आत जाते, अर्धवर्तुळ करून दुसरा दोर किनाऱ्याला आणते, मग दोन्ही बाजूंनी बाया, बाप्ये, पोरे मिळून दोर ओढतात. तास-दीड तासाने जाळ्याचा खोळा वाळूवर येतो. समोर सिंधुदुर्ग किल्ला, आणि वाळूवर चंदेरी ढीग. त्या ढिगात काय असते? पेडवे, तारली, बांगडे, सौंदाळे, मुडदुशे, लेपे, एखादी लहान मोरी, कुर्ल्या, नशीब असले तर चार सुरमया. मग वाटे पडतात. दोर ओढणाऱ्याचा वाटा, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा. आमच्या समुद्राचे खरे रोजचे ताट म्हणजे तो ढीग.

त्यातला मोठा भाग तुमच्या फळ्यावर जत्रेच्या दिवसांत नसतो. सुरमई-पापलेट मात्र प्रत्येक टेबलावर हवे असते. एका दिवसात मालवणात इतकी माणसे जेवतात की इथल्या होड्यांनी आणलेली सुरमई पुरणारच नाही. मग ती बर्फातून येते, रत्नागिरीहून, गोव्याहून, कारवारहून. तुमच्यातल्याच दोघांनी हे मला मोकळेपणाने सांगितले आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण मग असे होते की माणूस बारा तास प्रवास करून समुद्राकाठी येतो, आणि दादरच्या बाजारात मिळणारा तोच बर्फातला मासा दुप्पट दराने खातो. आणि त्याच सकाळी दांडीवर आलेले पेडवे टेम्पोत भरून जातात. तारली-पेडव्यांचा माल तर तेल आणि खाद्य बनवणाऱ्या कारखान्यांकडेही वळतो. माणसाच्या ताटात ताजे पडू शकणारे मासे असे जावेत, याचे मला फार वाईट वाटते.

पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राने राज्यमासा म्हणून घोषित केले. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, की त्यापेक्षा लहान मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. हे का करावे लागले ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. माशांचा अख्खा थवा वेढून घेणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी किती वर्षे लढा दिला, २०१६ साली राज्याने त्या जाळ्यांवर बंधने आणली, २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने बंदी घातली, तरीही रात्री समुद्रात उजेड दिसतोच, हे तुमच्याच घरांतली माणसे सांगतात. १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस बोटी बंद राहतात त्या माशांना अंडी घालता यावीत म्हणून. ही सगळी काळजी आपण समुद्रावर घेतो आणि ताटावर मात्र वर्षभर दोनच मासे मागतो. जत्रेच्या एका दुपारी तळहाताएवढी पापलेटे मी ताटात पाहिली आहेत. तेवढ्या पापलेटाने एकदाही अंडी घातली नसतील. ती ताटे तुमच्यासाठीही तोट्याची आहेत, आज नाही तर पाच वर्षांनी.

म्हणून सांगते, फळ्याची एक ओळ मोकळी ठेवा. 'आज रापणीत काय गावला' एवढेच लिहा, आणि खाली त्या सकाळचे जे असेल ते. नाव मालवणीतच लिहा. पाहुण्याला कळले नाही तर तो विचारेल, आणि विचारल्यावर सांगण्यासारखे तुमच्याकडे किती आहे! त्या ओळीचा दर सुरमईपेक्षा कमी असेल, पण तुम्हाला मासा स्वस्त पडेल, बर्फाचा आणि टेम्पोचा खर्च नाही, आणि रापणीवाल्याला दलालापेक्षा दोन पैसे जास्त देता येतील. हिशोब करून पाहा. माझ्या आईने पाटीवर खडूने मांडून पाहिला आहे आणि तिचा हिशोब सहसा चुकत नाही.

काट्यांची अडचण खरी आहे. पाहुणे काट्यांना घाबरतात, लहान मुलांची आई तर जास्तच. पण काट्याचा इलाज तुमच्या रांधण्यातच आहे. तो मी त्या मागच्या पडवीतल्या बाईकडून पुन्हा ऐकला आणि काकीचाही तसाच होता, म्हणून लिहिते. पेडवे ताजे हवेत, डोकी आणि पोट काढून मिठाने स्वच्छ केलेले. लाल मिरची, धणे, हळद, थोडेसे खोबरे असे जाडसर वाटण. ते मातीच्या कुंडल्यात माशांना हातानेच चोळायचे, वर चार-पाच आमसुले, आणि ठेचलेली तिरफळे. तिरफळ वाटणात वाटायचे नाही, वाटले की कडवटते. बी काढून नुसती ठेचायची. पाणी अगदी बेताचे. वरून खोबरेल तेलाची धार, आणि मंद विस्तवावर झाकण ठेवायचे. डाव घालायचा नाही. मासा मोडतो. फडक्याने कुंडले धरून गोल हलवायचे, बस. अशा तिखल्यात पेडव्याचे बारीक काटे इतके मऊ होतात की पेजेबरोबर लक्षातही येत नाहीत. मधला काटा शेपटीकडून धरला की अख्खा उचलून येतो. हे पाहुण्याला एकदा कुणी दाखवावे लागते. दाखवा ना. माझ्या नातीला तिच्या पणजीने त्या दुपारी दाखवले आणि तिने दोन पेडवे एकटीने खाल्ले. त्याआधी ती मासा म्हणजे चौकोनी तुकडा समजत होती.

आणखी एक, तिखले सकाळी करून ठेवले तर दुपारपर्यंत जास्तच चांगले लागते. तव्यावर एकेक तुकडी तळत बसण्यापेक्षा जत्रेच्या गर्दीत हे किती सोयीचे पडेल! चार मोठी भांडी चुलीवर, आणि वाढणाऱ्याने फक्त वाढायचे.

शाकाहारी ताटाबद्दल मी जावयासमोर खरोखर शरमले. फेब्रुवारी-मार्च म्हणजे जत्रेचे दिवस. या दिवसांत आपल्याकडे काय नसते? ओले काजू नुकते सुरू झालेले असतात. कोवळ्या फणसाची भाजी असते. काळ्या वाटाण्याचे सांबार आणि आंबोळी बारमाही. कुळथाची पिठी आणि भात, त्यावर लसणीची फोडणी. कैरीचे रायते. तांदळाची बोरे, घावणे, खापरोळी. यातले एकही नाव त्या व्हेज स्पेशलमध्ये नव्हते. जत्रेला येणारी किती माणसे ओटी भरेपर्यंत मासे-मटण वर्ज्य करतात, कितीजण त्या दिवशी शिवतच नाहीत. त्यांच्या पुढ्यात तुम्ही पनीर ठेवता. पनीर आपल्या गोठ्यात कधी झाले नाही, आणि ते जिथे उत्तम होते तिथे ते जावई खातोच. सोलापूरपासून नाशिकपर्यंत त्याला ते मिळते. ओल्या काजूची उसळ त्याला फक्त तुम्ही देऊ शकता. महाग पडते, मान्य. सोललेल्या ओल्या काजूचा दर मला ठाऊक आहे, ते सोलताना हाताची साले निघतात तेही ठाऊक आहे. वेगळे पैसे लावा, आम्ही देऊ. पण कुळथाच्या पिठीला काय खर्च येतो?

दराविषयी फार लिहीत नाही. गर्दीत दर वाढतो, भाजी, नारळ, गॅस, सगळेच त्या दोन दिवसांत महागते आणि हाताखाली माणसे मिळत नाहीत. फक्त जो आहे तो फळ्यावर आकड्यात लिहा. 'साइजप्रमाणे' हा शब्द जेवून झाल्यावर कळतो. आणि म्हाताऱ्या माणसाला, लहान मुलाला सक्तीने पूर्ण थाळी देऊ नका. अर्धी थाळी ठेवा, किंवा नुसती पेज आणि सोबत काहीतरी. अन्न परत जाताना पाहणे खाणावळवालीला किती लागते हे मी आईच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. त्या तीन थाळ्या उचलल्या गेल्या तेव्हा पैसे आमचे गेले होते, पण डोळ्यांत पाणी तिच्या आले.

सोलकढीचेही एक वाक्य लिहिते. आमसूल भिजवून, कुस्करून, नारळाच्या दाट रसात घातले की जो फिका गुलाबी रंग येतो तोच तिचा रंग. त्याहून गडद रंग पाहिला की आमच्यासारख्यांना शंका येते. तुमच्यातल्या बहुतेकांकडे ती आजही तशीच फिकी आणि ताजी मिळते, दुसऱ्यांदा मागितली तर हसत मिळते, आणि त्यासाठी मी मनापासून ऋणी आहे.

तुमचे कष्ट मला दिसतात, हे कृपा करून समजून घ्या. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, आणि त्यानंतर इथल्या कितीतरी घरांच्या पडव्यांत चार टेबले आली. ती टेबले बहुतेक बायकांनी चालवली. नवरा होडीवर, बाई चुलीवर. तव्यावरची भाकरी थेट ताटात पडावी म्हणून उन्हाळ्यात चुलीसमोरून न हलणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मोठमोठ्या शहरांतल्या हॉटेलांत पैसे टाकूनही तसे जेवण मिळत नाही. आणि अर्धा दोष आमचा आहे, खाणाऱ्यांचा. आम्हीच गाडीतून उतरल्या उतरल्या 'सुरमई आहे का' विचारतो. आम्हीच ताटाचा फोटो काढतो आणि पेडव्याचा फोटो चांगला येत नाही म्हणून ते मागवत नाही. दोन मिनिटे उशीर झाला तर उठून शेजारी जातो. तुम्ही फळा पुसलात तो आम्ही विचारलेल्या प्रश्नांमुळेच. म्हणून जे चाकरमानी हे वाचतील त्यांनाही माझी विनंती आहे की पुढच्या खेपेला दारात पहिला प्रश्न बदला. 'आज काय गावला?' असे विचारा आणि जे सांगतील ते खा.

त्या रात्री आम्ही पुन्हा आंगणेवाडीला गेलो होतो. तुम्हाला ठाऊकच आहे, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आंगणे मंडळींच्या घरांतल्या बायका देवीचा प्रसाद रांधतात तो न बोलता, तोंडातून शब्द न काढता. मग तो देवीला दाखवून येईल त्याला वाढतात. माडांच्या दिव्यांत, गर्दीच्या रेट्यात आईच्या हातावर तो पडला तेव्हा तिने कपाळाला लावला आणि मला म्हणाली, "आज दोनदा जेवलंय. एकदा त्या बायच्या हातचा आणि एकदा हेंच्या." सहा थाळ्यांपैकी एकीचीही तिने गणती केली नव्हती.

जत्रा दीड दिवसाची असते. तुमचा वर्षाचा मोठा धंदा त्या दिवसांत होतो, दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना धरला तर जवळपास सगळाच. मी जे मागते आहे त्याने तो कमी होणार नाही असे मला वाटते. पण तुम्हाला तसे वाटत नसेल, तर यंदा सगळा फळा बदलू नका. सुरमई स्पेशल ठेवा, पापलेट ठेवा, आणि खाली एकच ओळ वाढवा. पेज, तिखले, कैरी. एवढीच. किती ताटे गेली ते मोजा. नाही खपले तर तुम्हाला घरी खायला झाले, नाहीतरी ते तुम्ही घरच्यांसाठी रांधणारच आहात.

त्या मागच्या पडवीतल्या बाईंना नाव विचारायचे राहून गेले. हे पत्र त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचवले तर उपकार होतील. खाणावळ बाजारपेठेतून बंदराकडे जाताना लागते, मागे शेवग्याचे झाड आहे, आणि धुण्याच्या दगडाशेजारी तुळस. त्यांना सांगा की कौल होऊन तारीख कळली की आदल्या दिवशी दुपारी मी स्वतः येऊन सांगून जाईन. आम्ही सहाजण असू. आईने आत्ताच सांगून ठेवले आहे, पेज सहाजणांची टाका, आणि पेडवे नाही मिळाले तर बांगडे चालतील, पण तिरफळ विसरू नका.

तुमची,
मसुऱ्याची एक माहेरवाशीण
मुक्काम डोंबिवली